सतरा वर्षांनी

भट्टी क्रमांक तीन आज रिकामी करायची.
सतरा वर्षं एक रात्रही ती थंड झाली नव्हती,
नाताळात नाही, संपात नाही.
झेफेरीनुच्या मयताला सगळं गाव गेलं तेव्हाही
दोन माणसं मागे ठेवली होती तिच्यापाशी,
आजारी माणसाच्या उशाशी ठेवतात तशी.

पहाटे चारला तळाला भोक पाडलं.
आधी काहीच नाही.
मग मधासारखा एक थेंब, लांबलेला, हट्टी,
आणि त्याच्यामागून दोनशे टन लाल उजेड
पाण्याच्या पन्हळीत
किंचाळत, फुटत गेला.

एउलालिया कठड्याला टेकून बघते.
एकोणतीस वर्षं तिने पट्ट्यावर काच निवडली.
हिरवी इकडे, तपकिरी तिकडे,
आणि मध्येच चिनी मातीचा कप दिसला
तर झडप घालायची, कारण माती विरघळत नाही,
खडा होऊन बसते एखाद्या बाटलीच्या गळ्यात.
आता तिथे कॅमेरे आहेत,
हवेचा झोत फट् करून नको ते उडवतो.
फारसं चुकत नाही, असं सगळे सांगतात.
"फारसं," एउलालिया म्हणते
आणि ॲप्रनच्या खिशातून
निळ्या नक्षीची एक कपची काढून दाखवते.

मरीन्या ग्रांदला काच आली ती पाइनच्या रानामुळे.
समुद्राची वाळू अडवायला लावलेलं राजाचं रान.
झेफेरीनुचा आजा ते मोळीमोळीने भट्टीत घालायचा;
दोराचा काच त्याच्या खांद्यावर
म्हातारपणीही दिसायचा म्हणे.
मग तेल आलं. मग वायू.
मग एका ऑक्टोबरात
रान कुणी भट्टीत न घालताच पेटलं.
छपरावर राख पडत होती, दुपारी दिवे लावले होते,
आणि आत पाळी चालू होती.
मुरांब्याच्या बरण्या. ऑर्डर होती.

झेफेरीनुची नात नेलिया त्या दिवसापासून
वायूच्या मीटरकडे वेगळ्या डोळ्यांनी बघते.
नवी भट्टी तिची. विजेवरची, बुटकी,
जुन्यासारखं उंच धुराडं नसलेली.
लोक विचारतात, धुराडं नाही
तर आत काही शिजतंय हे कळायचं कसं?
तिच्याकडे याला चांगलं उत्तर नाही.
वीज महाग पडली तर काय, यालाही नाही.

ती दुसरंच सांगत बसते:
की एका जातीच्या काचेची पूड हाडात भरतात,
आणि हाड तिला परकं मानत नाही,
तिच्यावरच वाढू लागतं.
"माझ्या गुडघ्यात घाल की मग," एउलालिया म्हणते,
"वाइनच्या बाटलीची."
"बाटलीची नाही चालत. वेगळी असते."
"वेगळी म्हणजे कुठल्या रंगाची?"

मराठीत बांगडी फुटली की वाढली म्हणतात,
अभद्र शब्द तोंडी नको म्हणून.
इथे हे कुणाला ठाऊक नाही.
इथे तो शब्द पाळण्याची गरजच नाही:
फुटकी जितकी घालाल
तितकी वाळू कमी लागते, तितकी आच कमी,
आणि बाटलीची बाटली पुन्हा उभी राहते,
आठवण नसलेली.

नऊ वाजता पन्हळ निवली.
ढिगाऱ्यात उरला तो सतरा वर्षांचा तळ,
बोराएवढे हिरवे तुकडे, ओले.
नव्या भट्टीत पहिला घास हाच जाणार,
दुधात विरजण घालावं तसा.
नेलियाने बादल्या मागवल्या.

एउलालिया उलट्या खोक्यावर बसली,
मूठभर तुकडे तळव्यावर पसरून
बोटाने इकडेतिकडे सारू लागली.
निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं.


तरी बराच वेळ ती निवडत होती.